रविवारची कुत्र्याची पिशवी

तीसेक वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. पट्टकृमीची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढायचो. डोकं, मान, आणि त्याखाली खंडांची लांबलचक पट्टी. आकृतीला नावं दिली नाहीत तर अर्धा गुण कापायचो, आणि पट्टी वहीच्या कडेबाहेर गेली तर उरलेला अर्धाही. माझ्या हाताखालनं गेलेली निम्मी गल्ली आज चाळिशीत आहे आणि रस्त्यात भेटली की पाया पडते. एवढ्या विद्वत्तेचा उपयोग मी काय केला, तर दर रविवारी सकाळी तोच जंत मटणाच्या दुकानातनं पिशवीत घालून घरी आणला. वर, फुकट मिळाला म्हणून खूशही झालो.

आता ही पिशवी काय ते सांगतो. आमच्या कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभं राहिल्याशिवाय गड्याला आठवडा संपल्यासारखं वाटत नाही. मांडीचं का बरगडीचं, यावर तिथं जेवढा खल होतो तेवढा पोरीचं स्थळ बघतानाही होत नाही. आणि ज्याच्या घरी कुत्रं आहे त्याला त्या रांगेत जादा मान. मटण तोलून झालं की मालक विचारतो, ‘सर, कुत्र्याचं देऊ न्हवं?’ कुत्र्याचं म्हणजे माणसाला न चालणारं. फुप्फुसाचे काप, लोंबते तुकडे, आणि मुख्य म्हणजे काळजाचा, म्हणजे यकृताचा, खराब भाग. बकरं कापल्यावर कधीकधी काळजावर पांढुरके फुगे निघतात, पाण्यानं भरलेले, लिंबाएवढे नाहीतर अंड्याएवढे. असला फुगा गिऱ्हाइकाच्या मटणात गेला तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल. मालक इमानी माणूस. तो सुरीनं तेवढा भाग अलगद काढायचा, आमच्यासाठी काळ्या पिशव्यांत टाकायचा आणि पिशव्या भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवून ठेवायचा. कुठला खिळा कुणाचा हे त्याला पाठ होतं. पहिला फौजदारांचा, दुसरा माझा.

फौजदार म्हणजे आमचे शेजारी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्ली अजून त्यांना पदावरनंच ओळखते. त्यांचं कुत्रं रॉटवायलर, दांडगं, आणि कुत्रं या विषयावर फौजदारांचा शब्द शेवटचा. ‘सर, कच्चंच घालायचं. उकडलं की त्यातला दम जातोय. रगात तोंडाला लागलं पायजे, तर कुत्रं राखण करतंय.’ त्यांचं कुत्रं राखण करायचं म्हणजे दारात आडवं पडायचं, आणि फौजदारांची तीन वर्षांची नात त्याच्या पाठीवर बसून त्याचे कान ओढायची, त्याच्या नाकाला नाक लावायची. पण फौजदारांना कोण सांगणार? मी तर मान डोलवायचो. विज्ञानाचा शिक्षक की मी.

आमचं कुत्रं अल्सेशियन म्हणून आणलेलं. देणाऱ्यानं त्याच्या आईबापांचे फोटोही दाखवले होते. मोठं झालं तसा त्याचा एक कान उभा राहिला, दुसऱ्यानं राजीनामा दिला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण ते एका पुढाऱ्याचं आहे आणि मला याच गल्लीत राहायचंय.

पिल्लू असताना मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथली डॉक्टरीण माझीच विद्यार्थिनी निघाली. तिनं टोचलं, जंताची गोळी दिली आणि म्हणाली, ‘सर, कच्चं काळीज अजिबात घालू नका. घालायचंच तर चांगलं उकडून. आणि दर तीन महिन्यांनी गोळीला आणा. पट्टकृमीची गोळी वेगळी असते, ती मी बघून देईन.’ मी हसलो. ‘बाळ, तुला पट्टकृमी शिकवला कुणी?’ ती बिचारी लाजली. ‘सरांनीच,’ म्हणाली. मग कसली तीन महिन्यांनी गोळी अन् कसलं काय! मी पुन्हा तिकडं फिरकलोसुद्धा नाही. फौजदारांच्या सल्ल्यानं कुत्र्याला लसूण, कडुनिंबाचा पाला आणि गूळ असं काहीबाही चालू ठेवलं. महिन्या-दोन महिन्यांनी फौजदार येऊन कुत्र्याची शेपटी वर करून तपासणी करायचे. ‘दिसतोय का एखादा जंत? न्हाई न्हवं? मग!’ पंचनामा पूर्ण.

तो जंत तांदळाच्या कणीपेक्षा मोठा नसतो आणि कुत्र्याला त्याचा काहीही त्रास होत नाही, हे मला फार नंतर कळलं. पुस्तकातला जंत लांब होता ना. मी त्याच्याच भरवशावर.

माझी बायको जैन. गडहिंग्लजकडची. माहेरी शेती आणि धान्याचं दुकान. आमचं लग्न कसं झालं तो तमाशा वेगळाच आहे, त्यात दोन्हीकडच्या मंडळींनी आपापली कला दाखवली. घरात पाऊल ठेवतानाच तिनं सांगितलं होतं, ‘तुमाला खाऊ नका म्हणायची न्हाई मी. पण माझ्या स्वैपाकघरात ते शिजायचं न्हाई.’ मी लगेच कबूल केलं. त्या दिवसांत मी कशालाही कबूल झालो असतो. मागं परड्यात पत्र्याखाली एक शेगडी, दोन पातेली, एक ताट, हा माझा वेगळा संसार. रविवारी मी तिथं रस्सा करायचो, घाम पुसत एकटाच खायचो, भांडी घासून उपडी घालायचो. कुत्र्याचं काळीज उकडायला तिसरं पातेलं लागलं असतं. ते मागायचं म्हणजे तिच्या कपाळाला आठ्या. त्यापेक्षा पिशवी परड्यातल्या फरशीवर उपडी करणं सोपं. कुत्रं दोन मिनिटांत फरशी चाटून लख्ख करायचं.

आणि ही बाई! पाणी गाळून घेणारी, तेही चौपदरी फडक्यातनं. दिवस मावळायच्या आत जेवणारी. पालेभाजीचं पान न् पान उजेडात धरून बघणारी, एखादी अळी निघाली तर ती पानासकट परड्यात नेऊन सोडणारी. सुरुवातीला तिला कुत्रं नको होतं. ‘आधी तुमचं मटण, आता हे.’ पण पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि घर ओस पडलं, तशी ती हळूहळू त्याच्याशी बोलायला लागली. पुढं पुढं माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त. संध्याकाळी दूधभाकरी कुस्करून हातानं भरवायची. ते तिची बोटं चाटायचं, हनुवटी चाटायचं, ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन केसांतनं हात फिरवायची, मग हात पदराला पुसून कणीक मळायला बसायची. मी हे रोज बघायचो. मला गोड वाटायचं. फोटोही काढलेत मी.

दोन वर्षांमागं भाद्रपदात जैनांच्या दशलक्षण पर्वाचे उपवास झाल्यावर तिनं पोटाची तक्रार सुरू केली. उजवीकडं बरगडीखाली जड वाटतंय म्हणायची. जेवण कमी झालं. मी लगेच निदान केलं: गॅस. ओवा आणि सैंधव दिलं. महिनाभरानं निदान सुधारून पित्त केलं आणि कोकम दिलं. कुठलंही निदान चुकलं तर गुण कापणारं कुणी नव्हतं, त्यामुळं माझा उत्साह टिकून होता. शेवटी पोरगी पुण्याहून आली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता आईला सोनोग्राफीला घेऊन गेली. मी मागनं रिक्षातनं.

काळजात, म्हणजे यकृतात, गाठ होती. मोसंबीएवढी, पाण्यानं भरलेली. सोनोग्राफीवाल्यानं पडद्यावर बोट ठेवत सहज विचारलं, ‘घरात कुत्रं आहे का?’ मला वाटलं, गप्पा मारतोय. मी मोठ्या अभिमानानं म्हणालो, ‘आहे की! अल्सेशियन.’

सर्जन मात्र गप्पा मारणाऱ्यातले नव्हते. त्यांनी फिल्म उजेडात धरली आणि सरळ सांगितलं. ही कॅन्सरची गाठ नाही. कुत्र्याच्या जंताची आहे. कुत्रं फुग्याचं कच्चं काळीज खातं, फुग्यातल्या बीचा कुत्र्याच्या पोटात जंत होतो, जंताची अंडी त्याच्या विष्ठेतनं बाहेर पडतात, केसांना लागतात, हाताला लागतात आणि हातातनं तोंडात जातात. मग आपल्या काळजातही तसलाच फुगा धरतो, वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो. ‘आधी काही आठवडे गोळ्या, मग ऑपरेशन. धोका एकच आहे. ही पिशवी पोटात फुटली तर पेशंट काही मिनिटांत हाताबाहेर जाऊ शकतो. त्यामुळं तोवर जपायचं. धक्का नको, जड उचलणं नको, पडणं तर अजिबात नको.’ मग फाईल लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, ‘मटण खाता का, बाई?’

‘जन्मात न्हाई,’ ती म्हणाली.

त्यांनी पेन थांबवलं. ‘मग कुत्र्याला कच्चं काळीज कोण घालतं?’

मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत होतो. कॅलेंडर चांगलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ‘हे आणतात रविवारी,’ एवढंच सांगितलं, धोब्याकडनं कपडे कोण आणतं ते सांगावं तसं. मग तिनं विचारलं, ‘डॉक्टर, त्यात जीव हाय?’

‘कशात?’

‘त्या गाठीत.’

‘आहे ना. बारीक बारीक, हजारो.’

पोरगी आईचा हात धरून बसली होती. बायको म्हणाली, ‘काढा.’ घरी येताना रिक्षात तिनं पदर तोंडावर घेतला, आणि मला वाटलं रडतेय. रडत नव्हती, पुटपुटत होती. तिच्या माहेरचं कुठलंतरी क्षमेचं म्हणायचं असतं ते. माझ्यासाठी नव्हे, त्या हजारोंसाठी. माझ्यासाठीही थोडं म्हण की, असं सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढचे आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. ती शिंकली तरी मी खुर्चीतनं उठायचो. पापडाचा डबा काढायला स्टुलावर चढली, तर मी असा ओरडलो की शेजारचं रॉटवायलर राखण करायला लागलं. मी तिला बादली उचलू देईना, वाकू देईना, कुत्र्यानं अंगावर उडी मारू नये म्हणून त्याला परड्यात बांधून घातलं. ते दिवसभर रडायचं. ती खिडकीतनं त्याच्याशी बोलायची. मी तिला भाकरी करून देतो म्हणालो आणि केलीही. तिनं ती उजेडात धरून बघितली आणि निमूटपणे कुत्र्याला पाठवली.

जनावरांच्या दवाखान्यात मी मान खाली घालून गेलो. माझ्या विद्यार्थिनीनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ‘मी सांगितलं होतं, सर’ असं अजिबात म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. गोळ्या दिल्या. हातमोजे घालून शी उचला आणि खोल पुरा, म्हणाली. कुत्र्याला धुऊन घ्या, परडं उकळत्या पाण्यानं धुवा, आणि कच्चं कधीही नाही. मी वहीत लिहून घेतलं, एकाखाली एक.

सगेसोयरे तर सल्ले घेऊन तयारच असतात. माझा थोरला भाऊ आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच निकाल दिला, ‘ते कुत्रं आधी घराबाहेर काढा. जीप हाय माझी, राधानगरीच्या रानात सोडून येतो.’ बायको आतनं बाहेर आली. ‘भाऊजी, कुत्र्यानं काय केलं? पुढ्यात पडलं ते खाल्लं. सोडायचंच असलं तर घालणाऱ्याला सोडून या.’ भावानं माझ्याकडं बघितलं. जीपमध्ये जागा होती, पण विषय तिथंच संपला. सगळ्या आजारपणात तिनं मला बोलून दाखवलं असेल तर एवढंच, आणि तेही दुसऱ्याला.

आता माझ्या शौर्याचा भाग. पहिल्याच रविवारी मी मटणाच्या दुकानात गेलो नाही. दुसऱ्या रविवारी फौजदारांनी रस्त्यातच गाठलं. ‘काय सर, वैनींचं काय म्हंत्यात डाक्टर?’ माझ्या तोंडातनं आलं, ‘पित्ताशयात खडे आहेत. काढायचेत.’ का आलं? खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कशानं? आणि त्याचं उत्तर दुसऱ्या खिळ्याला लटकत होतं. दोन दिवसांत सगळ्या गल्लीला खडे कळले. माझे विद्यार्थी पाया पडून खड्यांची चौकशी करायला लागले. पुढं मी मटण आणायला जायला लागलो, आणि मालकानं ‘कुत्र्याचं देऊ न्हवं?’ विचारलं की म्हणायचो, ‘नको, पोट बिघडलंय त्याचं.’ माझी पिशवी तो फौजदारांना जादा द्यायचा. मी बघायचो आणि कोथिंबीर घेऊन घरी यायचो.

ऑपरेशनच्या सकाळी आत नेताना तिनं मंगळसूत्र काढून पोरीकडं दिलं. मग मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलेल. जे काय बोलायचं ते बोलून घेईल, मग मी पाय धरीन, असं सगळं मी ठरवून ठेवलं होतं. ती म्हणाली, ‘काळीज उकडायला एक जुनं पातेलं माझ्याकडं मागायचं हुतं. मी दिलं असतं.’ आणि स्ट्रेचर आत गेलं.

बाहेरच्या बाकड्यावर मी साडेतीन तास बसलो. पोरगी समोर, पण माझ्या बाकड्यावर नाही. मी देव मानत नाही, विज्ञान मानतो, आणि त्या दिवशी विज्ञानाला म्हणालो, बाबा रे, जन्मभर तुझी चाकरी केली, आता एवढी पिशवी फुटू देऊ नकोस. दार उघडलं की मी उभा राहायचो. दार बंद झालं की बसायचो. समोरच्या माणसानं शेवटी विचारलं, ‘पावणं, मूळव्याध हाय का?’ मी व्हय म्हणालो. एक खोटं जास्त, त्यानं काय फरक पडतो.

सर्जन बाहेर आले, मास्क खाली ओढला आणि म्हणाले, ‘न फुटता निघाली. बाई चांगल्या आहेत.’ पोरगी रडायला लागली. मीही रडलो, मोठ्यानं, नाक वाहेस्तोवर, लाज न बाळगता. मग त्यांनी विचारलं, ‘बघायचीय?’ आणि स्टीलचं भांडं पुढं केलं. पांढुरकी, मऊ पिशवी, आत पाणी, पाण्यात बारीक बारीक फुगे. त्यांनी नाव सांगायच्या आधीच मी ओळखली. कितीतरी रविवार मी ती घरी आणली होती, काळ्या पिशवीत, हँडलला अडकवून, शीळ घालत.

ती घरी आली. टाके सुकले. गोळ्या अजून चालू. तपासलेलं, धुतलेलं कुत्रं परत घरात आलं, पण आता त्याला हात लावला की साबणानं हात, असा कायदा. मला ती काहीच बोलायची नाही. चहा द्यायची, जेवायला वाढायची, औषधाची वेळ विचारायची. मी वाट बघत होतो. एखाद्या दिवशी भांडं आपटेल, शिव्या देईल, चार लोकांत पाणउतारा करील. कशाचाच पत्ता नव्हता. माणसानं इतकं चांगलं असू नये, शेजारच्याची झोप उडते.

मग एका शनिवारी फौजदारांची बायको डबा घेऊन आली. ‘वैनी, कुळथाचं कढण आणलंय. खड्यांवर लई चांगलं. परत खडे हुईत न्हाईत.’

‘कसले खडे?’ बायकोनं विचारलं.

‘अवो, पित्ताचे की! सरच म्हणाले न्हवं.’

मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. ती बाई नातीचं कौतुक सांगत बसली होती. ‘आमची चिमणी कुत्र्याला सोडतच न्हाई बघा, त्येच्या ताटातलंच उचलून तोंडात घालती.’ बायको ऐकत होती. बाई गेल्यावर तिनं कढणाचा डबा ओट्यावर ठेवला आणि माझ्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेतलं.

‘गाठ आणलासा, त्याचं मी काय बोलले न्हाई. कळत नव्हतं तुमाला, म्हटलं, सोडून द्या. पण आता कळतंय न्हवं? कळून सवरून खडे सांगत फिरतासा? ते कुत्रं अजून तेच खातंय, ती पोर त्याच्या तोंडातलं खातीय, आणि तुमी कोथिंबीर घेऊन घरी येतासा?’ तिचा आवाज एवढा चढला की परड्यातलं कुत्रं उठून उभं राहिलं. ‘लाज वाटाय पायजे! मास्तर म्हणं!’

इतके महिने मी ज्याची वाट बघत होतो ते आलं, आणि मला वाटलं होतं तसं मुळीच बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी पिशवी घेऊन निघालो, तर ती दारात चपला घालून उभी. ‘चला,’ म्हणाली. मी म्हणालो, अगं, तू कुठं, टाके, तो वास, ते टांगलेलं. ती चालायला लागली होती. इतक्या वर्षांत ती त्या रस्त्यानं गेली नव्हती, भाजीला जायलाही मागच्या बोळातनं वळसा घालायची. दुकान दिसलं तसा तिनं पदर नाकाला लावला, पण पाय थांबवले नाहीत. रांग नेहमीची, पंधरा-वीस गडी. सगळे बाजूला झाले. बाईमाणूस आणि तेही सरांची मंडळी, सगळ्यांना माहीत होतं ती कोण आणि काय खात नाही.

‘वैनी, तुमी हितं?’ फौजदार म्हणाले.

ती तशीच ओट्यापाशी गेली. मालकाला विचारलं, ‘दादा, ते पाण्याचे फुगे काढून ठेवतासा ते कुठं हाईत?’ मालक गोंधळला. त्यानं खिळ्यांकडं बोट दाखवलं. तीन पिशव्या लटकत होत्या. ती पुढं गेली, पहिली पिशवी खाली घेतली, आत बघितलं. मला वाटलं, ती आता पडणार. मी हात पुढं केला, तिनं तो बाजूला सारला.

‘सरांनी तुमाला खडे सांगितले,’ ती रांगेकडं वळून म्हणाली. ‘खडे नव्हते. हे हुतं. हे माझ्या काळजात हुतं, एवढं मोठं. कुत्र्याच्या तोंडातनं माझ्या हाताला आलं, आणि कुत्र्याच्या तोंडात...’ ती थांबली. मग माझ्याकडं बघितलं. ‘आता तुमी सांगा.’

सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. त्यात माझे सहा-सात विद्यार्थी होते. सुरी हातात धरून मालक थांबला होता. फौजदारांनी आपली पिशवी तिच्या हातातनं घ्यायला हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

‘मी घातलं,’ मी म्हणालो. ‘कच्चं. मीच.’

‘मोठ्यानं सांगा,’ ती म्हणाली. ‘मागच्यांना ऐकू गेलं न्हाई.’

मग मी मोठ्यानं सांगितलं.